सहकुटुंब हल्ल्याचं निमंत्रण

मी जळगावात घरी बसून सर्व्हरवर हल्ले करते आणि त्याचा मला पगार मिळतो. वेबसाइट ज्या यंत्रावर चालते तो सर्व्हर. त्याच्या दारावर एकाच वेळी हजारोंनी धडका दिल्या की तो गुदमरतो आणि ज्याचं खरंच काम असतं तो बाहेर उभा राहतो. काही नतद्रष्ट लोक हे मुद्दाम करतात. म्हणून मालकाच्या परवानगीनं मी ते आधीच करून बघते, कुठे मोडतंय ते सांगते, मग ते दुरुस्त होतं. एवढं सरळ काम आहे. पण आई अजूनही शेजारणींना सांगते, "तिचं काहीतरी पाडापाडीचं आहे, कॉम्प्युटरवरचं."

आमच्या अख्ख्या खानदानात हे काम पहिल्या झटक्यात कळलं ते एकाच माणसाला, माझ्या आत्याला. ती बोदवडला एकटी राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. मी समजावून सांगत होते तेव्हा ती अंगणात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे तू लोकाईच्या दाराले धक्के मारून पाह्यते, कडी मजबूत हाये का नाही ते." मी खूश झाले. तेवढ्यात तिनं पुढची बिबडी खाटेच्या बाहेर, थेट मातीत घातली आणि हात झटकून दुसरी उचलली. तेव्हा मला कळलं की हिला दिसत नाहीये.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कळायचा, रंग कळायचे, माणूस आवाजावरून. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्याला नोकरीला. त्यानं निर्वाणीचं सांगून टाकलं होतं: दिवाळीपर्यंत तिकडे डोळे झाले तर बोदवडला राहा, नाही तर इकडे ये. ऑपरेशन मी करतो, पण मग कायमची इकडेच. घर बंद करायचं. त्याचंही काही चुकत नव्हतं. एकदा ती रेल्वे फाटकापाशी गाडीचा आवाज कुठल्या बाजूनं येतोय याचा विचार करत रुळातच उभी राहिली होती. अक्काचं म्हणणं एकच, "पुण्याले खिडकीत बसून काय करू मी? तिथं तर आवाजही ओळखीचा नाही."

मी म्हटलं, चल, जळगावला करून टाकू, खर्च माझा. झालं! अशी काही भडकली की बस. भाचीला द्यायचं असतं, भाचीकडून घ्यायचं नसतं. माझ्या पैशानं चहा प्यायची तरी घरी जाताना हातावर काहीतरी टेकवायची, ती माझ्या पैशानं डोळे कुठून करून घेणार? मी आठ दिवस डोकं फोडलं. ती म्हणाली, आंधळी होईन पण असं करणार नाही. असल्या माणसाशी बोलून उपयोग नसतो.

राहता राहिलं धुळ्याचं मोफत शिबिर. एक धर्मादाय संस्था दरवर्षी दिवाळीच्या आधी ते भरवायची आणि तिथल्या डॉक्टरांचा हात चांगला असं सगळीकडे म्हणायचे. जागा दोनशे. नोंदणी फक्त वेबसाइटवर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं राहायला नको. पण सकाळी दहाला साइट उघडायची आणि दहा वाजून एक मिनिटाला आडवी व्हायची. दुपारी कधीतरी उठून बसायची तेव्हा जागा संपलेल्या. अक्काची दोन वर्षं यातच गेली होती.

माझं डोकं सणकलं. हे तर माझं काम! मी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला, म्हटलं, फुकट तपासून देते, साइट मजबूत करून देते. सत्तरी उलटलेले गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणत. फोनवरच हळू आवाजात, अहिराणीत म्हणाले, "ताई, आमनी साइट कोणीतरी मुद्दाम पाडस." मी सांगितलं, आबा, कुणी पाडत नाही. दोनशे जागांसाठी सगळा खानदेश एका मिनिटात घुसतो, तेवढ्यानंच ती मरते. मुद्दाम पाडणारा आला तर विचारूच नका. त्यांना हे पटलं नाही, पण मी फुकट करतेय हे पटलं.

धुळ्याला गेले. लॅपटॉप उघडला आणि आबांसमोर हल्ला करून दाखवला. माझ्या प्रोग्रॅमनं अर्ध्या मिनिटात इतक्या विनंत्या सोडल्या की साइट गपकन बसली. पडद्यावरची रेघ सरळ वर चढली आणि तिथेच मेली. मी ऐटीत आबांकडे बघितलं. ते लॅपटॉपच्या मागे वाकून बघत होते.

"पण हल्ला कोठे शे?"

"झाला की आबा. हाच."

"हाई तर रेघ शे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मी चाळीस वर्षं कापसाची जिनिंग चालवली. गर्दी म्हणजे काय ते मला सांगू नका. माणूस नाही, आवाज नाही, कुणाची चप्पल हरवली नाही, हा कसला हल्ला? उद्या ट्रस्टींना काय दाखवू मी, रेघ?"

मी तासभर समजावलं. की माणसं लागत नाहीत, की एक यंत्र दहा हजार माणसांचं काम करतं. आबांना त्यात फसवणूक दिसत होती. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुम्हाला माणसंच पाहिजेत ना? माणसं मी देतो. चारशे देतो. आमच्या मंगल कार्यालयात बसवू, जेवू घालू. हल्ला करायचा तर रीतसर करू."

मला माणसं नको होती. पण मी मनात म्हटलं, करू दे बापाला, याशिवाय हा काही मला साइटला हात लावू देणार नाही.

चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर निमंत्रणपत्रिकेचा फोटो आला. वर गणपती. खाली: "आमचे येथे श्रीकृपेकरून संस्थेच्या वेबसाइटवर सामूहिक हल्ला करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून हल्ल्याची शोभा वाढवावी. हल्ल्याचा मुहूर्त सकाळी अकरा वाजून सात मिनिटे. तदनंतर वरण-बट्टी. टीप: मोबाइल चार्ज करून आणावा. आहेर आणू नये." माझ्या नावापुढे 'प्रमुख हल्लेखोर' असं छापलं होतं. कपाळ माझं! आईनं ती पत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि लोकांनी अभिनंदन केलं.

पत्रिका गेल्या कुणाला? तर गेल्या वर्षी ज्यांचा नंबर लागला नव्हता त्या सगळ्यांना. आबा म्हणाले, आमच्याकडे मोबाइल नंबर तेवढेच शेत. मी म्हटलं, "अहो, पण या लोकांना दिसत नाही. बटणं कशी दाबणार?" आबा म्हणाले, "बटण दाबाले डोळा कसाले लागस?" अक्कालाही पत्रिका गेली. ती आदल्या दिवशीच जळगावला आली, नवं लुगडं घेऊन. सकाळच्या एसटीनं आम्ही धुळ्याला पोचलो तर दारात मंडप, सनई लावलेली, आणि गुलाबपाणी शिंपडणाऱ्या दोन बायका.

दारातच एका हवालदारानं मला बाजूला घेतलं. त्याच्या हातात पत्रिका.

"मॅडम, हल्ला कोणावर आहे?"

"सर्व्हरवर."

"ते राहतात कुठे?"

"मुंबईला. भाड्याच्या जागेत."

"आणि त्यांना कल्पना आहे?"

"सगळी कल्पना आहे. त्यांची काही तक्रार नाही." त्यानं डायरीत काहीतरी लिहिलं, टोपी काढून काखेत मारली आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. थोड्या वेळानं बघते तर तोही मोबाइल काढून तयार.

नर्सिंगच्या मुलींनी फिरून प्रत्येकाचा मोबाइल साइटला जोडून दिला, पडद्यावर मधोमध एकच मोठं बटण येईल असं करून ठेवलं. अक्काच्या शेजारी धुळ्यातलेच एक शिंपी चाचा बसले होते. पन्नास वर्षं शिवणाच्या मशिनीवर, आता सुईत दोरा जात नाही म्हणून नातसुनेला हाक मारायची पाळी. त्यांनी मला विचारलं, "बेटा, आहिस्ता दबाना है या जोर से?" मी म्हटलं, चाचा, जोरानं काही होत नाही, भराभर दाबा. अक्कानं पदर खोचला.

मुहूर्ताला आबांनी नारळ फोडला आणि माइकवरून म्हणाले, "करा हल्ला!"

चारशे अंगठे सुटले. साइट पंचवीस सेकंदांत पडली. सभागृहात जी काही शिट्ट्या-टाळ्या झाल्या! पाडलं, पाडलं म्हणून लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. फक्त आबांचा चेहरा उतरला. मी वधूपक्षाच्या खोलीत, आरशासमोर लॅपटॉप ठेवून बसले, साइटची ताकद वाढवली आणि मी लिहिलेला पहाऱ्याचा प्रोग्रॅम चालू केला. त्याचं काम सोपं होतं. पंगतीत एकच माणूस चारदा येऊन बसायला लागला की वाढपी त्याचा चेहरा लक्षात ठेवतो, तसं. जो मोबाइल नंबर वेड्यासारखा धडका देतो त्याचं नाव संशयितांच्या यादीत टाकायचं, त्याला लाल पाटी दाखवायची आणि दारातूनच परत पाठवायचं.

दुसरा हल्ला झाला. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, साइट उभी. एकेक मोबाइल लाल व्हायला लागला. लोक आधी हिरमुसले. मग आबांनी माइकवर सांगितलं की लाल झालं म्हणजे काम फत्ते झालं, ज्याचं लाल त्यानं हात वर करा! झालं, ज्याचं लाल होईल तो हात वर करून ओरडायला लागला. मीही पुढे होऊन संशयितांची यादी मोठ्या पडद्यावर लावली. खोटं का बोलू, मला मिरवायचं होतं. सगळ्यात वर, सगळ्यात जास्त धडका देणारी म्हणून अक्काचा नंबर. आबांनी तिला व्यासपीठावर बोलावून खण-नारळ दिला. शिंपी चाचा दुसरे आले, त्यांना टॉवेल-टोपी. अक्का एवढी हसली की तिला ठसका लागला.

मग पंगती बसल्या. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वांग्याची घोटलेली भाजी. मी चार बट्ट्या हाणल्या आणि परतीच्या एसटीत अक्काच्या खांद्यावर झोपले.

पुढच्या सोमवारी खरी नोंदणी. ती घरून करायची होती, तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण हल्ल्याला आलेली माणसं त्या दिवशी पुन्हा मंगल कार्यालयात हजर. कुणी बोलावलं नव्हतं. इथे रेंज चांगली, इथे लाल होतं, असं गावोगाव झालं होतं. अक्काही म्हणाली, आपण तिथंच जाऊ. आबांना तर तेच हवं होतं. त्यांनी लगोलग माझा सत्कार ठरवून टाकला.

दहाला साइट उघडली. मी व्यासपीठावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. काय सांगू, इतकी सुंदर चालली ती! रेघ चढली, डोलली, पण वाकली नाही. जागा भराभर भरत होत्या. शिंदखेडा, नरडाणा, भुसावळ, थेट सुरतेहूनसुद्धा. आबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ दिलं, फोटोवाल्यानं तीनदा फोटो घेतला. आणि खाली सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालू. लोक मोबाइल उंच धरून ओरडत होते. शिंपी चाचा उभे राहून अक्काला मुबारकबाद देत होते. मला भरूनच आलं. म्हटलं, बघ, फुकट काम केलं पण सार्थक झालं.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, एकदा इकडे." मी तिकडे बघितलं. उंच धरलेले सगळे मोबाइल लाल होते.

यशाचा रंग मी हिरवा ठेवला होता. पण त्या सभागृहात हिरवा कुणी बघितलाच नव्हता. हल्ल्याच्या दिवशी लाल झालं म्हणून टाळ्या, लाल झालं म्हणून खण-नारळ. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही वाचलं नाही, गेल्या वेळचीच पाटी आहे म्हणून ओरडले. आणि ती गेल्या वेळचीच होती. हल्ला संपला की संशयितांची यादी रिकामी करायची असते. एका ओळीचं काम. मी ते केलं नव्हतं. बट्ट्या खाऊन झोपले होते.

मी यादी पुसली तेव्हा लॅपटॉपवर दोनशेपैकी दोनशे भरल्याचा आकडा आला होता. शाल अंगावर तशीच. मी उठले तसं श्रीफळ खाली पडून गडगडत गेलं. आबांना कानात सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही, मग कळलं आणि ते खुर्चीत बसले. पण माणूस मोठा. दोन मिनिटांत उठले, माइक घेतला आणि सांगून टाकलं की चूक आमची आहे, संक्रांतीनंतर आणखी एक शिबिर भरवतो, त्यात तुम्ही सगळे पहिले, तुमची नावं मी स्वतः हातानं लिहून घेतो. वर धरलेले मोबाइल एकेक करून खाली आले. मग शिंपी चाचा सावकाश खाली बसले. "चलो," म्हणाले, "ये ठंड का मौसम और सही."

सगळ्यांना संक्रांत चालणार होती. अक्काला नव्हती, तिची मुदत दिवाळीपर्यंतचीच होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा मोबाइल अजून लालभडक, तिनं तो दोन्ही हातांत जपून धरलेला. गोंगाटात तिला आबांचं नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय लिहेल हाये व त्याच्यावर? लागला ना नंबर?"

मी वाचलं. मीच लिहिलेलं वाक्य होतं. "आपल्या क्रमांकावरून संशयास्पद हालचाल आढळली आहे. आपणास सेवा देता येणार नाही."

"हे कोन लिहिलं?"

"मी," मी म्हटलं आणि रडायला लागले. भर सभागृहात, शाल पांघरून. यादीचं सांगितलं, झोपल्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "एवढ्या जोरात दाबायले नको होतं मंग मी," एवढंच म्हणाली. माझी चूक झाली म्हणत होते मी, आणि ही स्वतःच्या अंगठ्याला बोल लावत होती.

आबा खाली वाकले. "ताई, चाव्या तुमच्याच हातात शेत. एक नाव काढा, एक टाका. कोणाले समजस?"

चाव्या माझ्याच हातात होत्या. मी लॅपटॉप उघडला. शेवटची नोंद नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली, बाई, वय एकाहत्तर. एक ओळ पुसायची, एक लिहायची. पुसायला मी बोट ठेवलंसुद्धा. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचं काही वाटत नव्हतं. मला बोदवडचं घर दिसत होतं, त्याला कुलूप दिसत होतं.

अक्कानं चाचपडत माझं मनगट धरलं.

"कोन हाये शेवटी?"

"नरडाण्याकडची एक बाई आहे."

"तिचं नाव पुसलं तर तिच्या मोबाइलवर काय येईन?"

मी हात सोडवून घ्यायला बघितलं. तिनं मनगट सोडलं नाही.

"सांग ना व. काय येईन?"

"लाल," मी म्हटलं.

तिनं माझा हात लॅपटॉपवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. मग स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला.

"पुण्याले फोन लाव."